खेळाचे मुद्दल : नाशिकच्या सैयामी खेर यांची वाटचाल

नाशिकचा गंगापूर रोड अशोक स्तंभापासून निघतो आणि के.टी.एच.एम. महाविद्यालय, विद्या विकास सर्कल, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असे टप्पे घेत गंगापूर गावाकडे व पुढे धरणाकडे जातो. गेल्या काही दशकांत रविवार कारंजा, सराफ बाजार, भद्रकाली या जुन्या पेठांत दुकान असलेली अनेक व्यापारी कुटुंबे या रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहावयास आली. दुकान जुन्या गावात आणि घर गंगापूर रोडला, अशी व्यवस्था आता रूढ झाली आहे. या स्थलांतराबरोबर मुलांच्या जीवनात मैदान आले. पहाटे सहाच्या सुमारास या रस्त्यावर धावणारी, सायकल चालविणारी, पाठीवर रॅकेटची पिशवी अडकवून सरावाला निघालेली मुले-मुली दिसतात. त्यांत आपल्या समाजातील मुलीही असतात. कोणी बॅडमिंटन खेळते, कोणी पोहते, कोणी जिम्नॅस्टिक्स शिकते, तर कोणी दोरीच्या मल्लखांबावर चढते.

दहावीचे वर्ष जवळ आले की यांतील पुष्कळ मुलींचा खेळ थांबतो. तो थांबविण्यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. शिकवणीच्या वेळा असतात, बोर्डाची परीक्षा असते, पुढे सी.ए.चा अभ्यास असतो आणि मनात कोठेतरी पुढील स्थळांचा विचारही असतो. घरातील कर्ता पुरुष सवयीने हिशेब मांडतो. इतकी वर्षे फी भरली, बूट व रॅकेट घेतले, पहाटे उठून ने-आण केली. मुलगी जिल्ह्यापर्यंत, फार तर राज्यापर्यंत पोहोचली. आता यातून पुढे काय निघणार? आणि तो सारा खर्च मनातल्या मनात बुडीत खात्यात टाकला जातो. हा हिशेब बरोबर आहे काय, याचे उत्तर नाशिकमध्येच जन्मलेल्या एका अभिनेत्रीच्या जीवनप्रवासात सापडते.

घराण्याचा वारसा

सैयामी खेर यांचा जन्म २९ जून १९९२ रोजी नाशिक येथे झाला. अभिनयाची परंपरा त्यांच्या घरात पूर्वीपासून होती. त्यांच्या आजी उषा किरण, पूर्वाश्रमीच्या उषा मराठे, या हिंदी व मराठी चित्रपटसृष्टीतील नामवंत अभिनेत्री होत्या. उदयशंकर यांच्या १९४८ मधील ‘कल्पना’ या चित्रपटात त्या प्रथम दिसल्या. पुढे ‘दाग’ (१९५२), ‘पतिता’ (१९५३) या चित्रपटांतून त्यांनी नाव मिळविले आणि ‘बादबान’ (१९५४) मधील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार लाभला. मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात त्या ‘शिकलेली बायको’ (१९५९) व ‘कन्यादान’ (१९६०) या चित्रपटांमुळे राहिल्या. डॉ. मनोहर खेर यांच्याशी विवाह झाल्यानंतरही ‘बावर्ची’ (१९७२), ‘चुपके चुपके’ आणि ‘मिली’ (दोन्ही १९७५) यांत त्यांनी लक्षणीय भूमिका केल्या. १९९६-९७ या काळात त्या मुंबईच्या शेरीफ होत्या. ९ मार्च २००० रोजी नाशिक येथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी नात सैयामी सात वर्षांची होती. उषा किरण यांच्या कन्या, म्हणजे सैयामी यांच्या आत्या, तन्वी आझमी यांना ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) मधील राधाबाईंच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

असे घराणे लाभलेल्या मुलीला सारे आयतेच मिळाले असेल, असे कोणासही वाटेल. परंतु पिढीजात पेढी चालविणाऱ्या कुटुंबांना याविषयीचे सत्य ठाऊक असते. पेढीचे नाव गिऱ्हाइकाला पहिल्यांदा दुकानात आणते. दुसऱ्यांदा ते माल पाहूनच येते. सैयामी यांच्या बाबतीतही तसेच घडले.

नाशिकमध्ये वाढताना त्यांचे पहिले प्रेम कॅमेऱ्यावर नव्हते, खेळावर होते. बॅडमिंटन आणि क्रिकेट हे त्यांचे दोन प्रमुख खेळ. या खेळांत त्यांनी राज्य पातळीपर्यंत मजल मारली. सचिन तेंडुलकर हे त्यांचे लहानपणापासूनचे दैवत. पुढे शिक्षणासाठी त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेल्या, तेथे मॉडेलिंगची कामे मिळू लागली आणि त्यातून चित्रपटाची वाट खुली झाली. म्हणजे रूढ अर्थाने त्यांचाही खेळ मध्येच थांबला. भारताच्या संघाची टोपी त्यांच्या डोक्यावर आली नाही. व्यापारी भाषेत सांगायचे तर खेळाचे ते दुकान बंद झाले. प्रश्न असा की त्या दुकानातील माल कोठे गेला?

अंगात मुरलेली विद्या

खेळाडूने अभिनयाकडे वळणे जगाला नवीन नाही. नॉर्वेच्या सोन्या हेनी यांनी १९२८, १९३२ व १९३६ अशा सलग तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगची सुवर्णपदके जिंकली आणि त्यानंतर त्या हॉलिवूडमधील आघाडीच्या तारका झाल्या. अमेरिकेच्या कॅथी रिग्बी या जिम्नॅस्टने १९७० च्या जागतिक स्पर्धेत बॅलन्स बीमवर रौप्यपदक मिळविले. अमेरिकन महिलेला जागतिक जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मिळालेले ते पहिले पदक होते. पुढे त्या रंगभूमीवर गेल्या. उडणाऱ्या ‘पीटर पॅन’ची त्यांची भूमिका अतिशय गाजली आणि तिच्यासाठी नाट्यक्षेत्रातील प्रतिष्ठेच्या टोनी पुरस्काराचे नामांकन त्यांना मिळाले. चार इंच रुंदीच्या लाकडी पट्टीवर तोल सांभाळणाऱ्या मुलीला तारेवर अधांतरी लटकून संवाद म्हणणे सोपे गेले असणार, हे उघड आहे.

आपल्याकडेही शरीरविद्येची परंपरा जुनी आहे. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांना ही विद्या नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगी गडावर उपासना करीत असताना स्फुरली, अशी आख्यायिका आहे. मल्लखांबाला देशी जिम्नॅस्टिक्स म्हटले तर ते वावगे ठरू नये. मल्लखांबावर किंवा जिम्नॅस्टिक्सच्या गादीवर काही वर्षे घालविलेल्या मुलीकडे तीन गोष्टी येतात. पडावे कसे, हे तिला कळते. एकच क्रिया शंभर वेळा न कंटाळता करण्याची सवय तिला लागते. आणि परीक्षक समोर बसलेले असताना आपले काम निमूटपणे पूर्ण करण्याचे धैर्य तिच्या अंगी येते.

जिम्नॅस्टिक्समध्ये वय फार लवकर सरते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्रिपुराच्या दीपा कर्माकर यांनी व्हॉल्ट प्रकारात १५.०६६ गुण मिळवून चौथा क्रमांक पटकावला. कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणांनी हुकले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. ज्या वयात व्यापारी घरातील मुलगा पेढीचा कारभार नुकता हाती घेत असतो, त्या वयात खेळाडूची कारकीर्द संपलेली असते. म्हणून खेळाडूला दुसऱ्या जीवनाचा विचार करावाच लागतो, आणि त्या दुसऱ्या जीवनात पहिल्यातील काय बरोबर नेता येते हा प्रश्न त्याच्यासाठी जीवनमरणाचा असतो.

पहिले अपयश

सैयामी यांचा पहिला चित्रपट ‘रे’ हा तेलुगू भाषेतील होता. त्याचे काम दीर्घकाळ रखडले आणि तो २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या ‘मिर्झ्या’साठी त्यांची निवड झाली. कथा-पटकथा गुलजार यांची, नायक हर्षवर्धन कपूर, दिग्दर्शक ‘रंग दे बसंती’ व ‘भाग मिल्खा भाग’चे. मिर्झा-साहिबान या लोककथेवर आधारलेला हा भव्य चित्रपट ७ ऑक्टोबर २०१६ रोजी झळकला आणि तिकीट खिडकीवर साफ अपयशी ठरला.

नव्या कलावंताचा मोठ्या भांडवलाचा पहिला चित्रपट पडला की बाजार त्याच्याकडे पाठ फिरवतो. व्यापारातही पहिल्याच मोठ्या सौद्यात खोट आलेल्या तरुणाची पत अशीच उतरते. सैयामी यांचा पुढचा चित्रपट पडद्यावर येण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. तो म्हणजे रितेश देशमुख यांच्यासमवेतचा मराठी ‘माउली’, १४ डिसेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला.

ही मधली दोन वर्षे त्यांच्या कारकिर्दीतील खरी कसोटी होती. या काळात अनेक जण क्षेत्र सोडतात. काही जण मिळेल ते काम पत्करतात आणि आपली किंमत कायमची कमी करून घेतात. खेळाडूची मात्र पराभवाशी जुनी ओळख असते. एकेरीच्या स्पर्धेत बत्तीस मुली उतरल्या तर एकतीस जणींना हरूनच घरी परतावे लागते. हरलेल्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोर्टवर उभे राहणे ही तेथे विशेष गोष्ट मानली जात नाही. ती रोजची रीत असते. बारा वर्षांच्या मुलीला ही रीत कोणी व्याख्यान देऊन शिकवू शकत नाही. ती मैदानावरच अंगात मुरते.

बँकेच्या काउंटरमागील सरिता

२०२० हे वर्ष सैयामी यांच्यासाठी अनुकूल ठरले. मार्चमध्ये ‘स्पेशल ऑप्स’ ही मालिका आली, जुलैमध्ये ‘ब्रीद : इन्टू द शॅडोज’. या दोहोंच्या मध्ये, ५ जून रोजी, अनुराग कश्यप यांचा ‘चोक्ड : पैसा बोलता है’ हा चित्रपट नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी तो अवश्य पाहावा, कारण त्याचा विषय आपल्या अगदी जवळचा आहे.

यातील सरिता ही एका बँकेत रोखपाल आहे. तरुणपणी तिला गायिका व्हायचे होते. परंतु गाण्याच्या स्पर्धेत ऐन वेळी रंगमंचावर तिचा आवाज फुटला नाही आणि ते स्वप्न तेथेच संपले. नवऱ्याला धड काम नाही. घर तिच्या पगारावर चालते. एके रात्री स्वयंपाकघरातील तुंबलेल्या मोरीच्या पाइपमधून नोटांची गुंडाळी बाहेर येऊ लागते. आणि मग येते ८ नोव्हेंबर २०१६ ची ती रात्र, जेव्हा ५०० व १००० रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्याची घोषणा झाली.

व्यापारी कुटुंबांना त्या दिवसांची आठवण करून देण्याची गरज नाही. ९ नोव्हेंबरला बँका ग्राहकांसाठी बंद होत्या. १० तारखेपासून रांगा लागल्या. प्रारंभी एका व्यक्तीला ४००० रुपयांपर्यंतच्या जुन्या नोटा बदलून मिळत. काउंटरच्या बाहेर उभ्या असलेल्यांचे हाल सर्वांनी पाहिले. काउंटरच्या आत बसलेल्यांचे हाल फार थोड्यांनी पाहिले. रोखपालाला दिवसभर नोटा मोजावयाच्या, ओळखपत्र तपासावयाचे, रागावलेल्या माणसाला शांतपणे उत्तर द्यावयाचे आणि दिवसअखेर रोकड पैशापैशाने जुळवावयाची. कमी भरली तर ती आपल्या खिशातून भरावी लागते. हे काम बुद्धीचे जितके, तितकेच शरीराचे आहे. बोटे, खांदे आणि पाठ संध्याकाळी काम केल्याची साक्ष देतात.

सैयामी यांनी ही सरिता अत्यंत संयमाने उभी केली आहे. त्यांच्या नावाच्या उच्चारातच संयम या शब्दाचा नाद आहे आणि ही भूमिका त्या नादाला जागणारी आहे. आरडाओरड नाही, अश्रूंचे प्रदर्शन नाही. थकलेल्या बाईचे चालणे, नोटा मोजताना न थांबणारी बोटे आणि चेहऱ्यावर येऊ न दिलेला संताप, एवढ्यावर त्यांनी ही भूमिका पेलली. मैदानावर वाढलेल्या व्यक्तीला आपल्या शरीराची भाषा अवगत असते. कोणता स्नायू ताणावा आणि कोणता सैल सोडावा, हे तिला सांगावे लागत नाही. खेळातील मुद्दलावर येथे व्याज मिळू लागले होते.

डाव्या हाताचा चमत्कार

या मुद्दलाची पूर्ण परतफेड मात्र ‘घूमर’ या चित्रपटाने केली. आर. बाल्की दिग्दर्शित हा चित्रपट १८ ऑगस्ट २०२३ रोजी प्रदर्शित झाला. अनिना ही गुणी फलंदाज भारतीय संघात निवडली जाते आणि त्यानंतर एका अपघातात तिचा उजवा हात जातो. अभिषेक बच्चन यांनी साकारलेला, स्वतः आयुष्यात हरलेला एक माजी फिरकी गोलंदाज तिला डाव्या हाताने गोलंदाजी शिकवितो. शबाना आझमी यांनी यात तिच्या आजीची भूमिका केली आहे.

ही कथा काल्पनिक असली तरी तिच्यामागे एका खऱ्या माणसाची प्रेरणा आहे. हंगेरीच्या सैन्यातील कारोली ताकाच हे उत्कृष्ट पिस्तुलबाज होते. १९३८ मध्ये सरावाच्या वेळी हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी कोणालाही न सांगता डाव्या हाताने नेमबाजीचा सराव सुरू केला आणि पुढच्याच वर्षी हंगेरीचे विजेतेपद मिळविले. महायुद्धामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. तरीही ते थांबले नाहीत. १९४८ मध्ये लंडन येथे आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी सुवर्णपदक जिंकले. आपल्या महाराष्ट्रातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरणही याच जातीचे आहे. सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गंभीर जखमी झाला, जलतरणाकडे वळला आणि १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. एक मार्ग बंद झाला असता अंगातील शिस्त दुसऱ्या मार्गाने वाहू लागते, हे या दोघांच्या चरित्रांतून दिसते.

उजव्या हाताने खेळणाऱ्या सैयामी यांना या भूमिकेसाठी डाव्या हाताची फिरकी शिकावी लागली. लहानपणी मुरलेला खेळ विसरून तोच खेळ उलट्या हाताने नव्याने शिकणे, हे मुळात कधीही न खेळलेल्या व्यक्तीला शिकविण्यापेक्षा वेगळे काम आहे. क्रिकेट कधीच न खेळलेल्या अभिनेत्रीला चेंडू टाकण्याचा अभिनय करता आला असता. सैयामी चेंडू टाकताना दिसतात. चित्रपट पाहिल्यानंतर सचिन तेंडुलकर यांनी त्यांना भेटून ती गोलंदाजी करून दाखविण्यास सांगितले. नाशिकमध्ये ज्यांना दैवत मानून ती मुलगी खेळत होती, त्यांच्यासमोर ती अखेर गोलंदाज म्हणून उभी राहिली.

‘घूमर’ला आर्थिक यश मात्र मिळाले नाही. आठवडाभर आधी प्रदर्शित झालेल्या ‘गदर २’ व ‘ओएमजी २’ या चित्रपटांच्या गर्दीत तो झाकोळला गेला. परंतु जाणकारांनी सैयामी यांच्या कामाची दखल घेतली आणि त्यांच्यासाठी पुढील दारे उघडली. ‘शर्माजी की बेटी’ (२०२४) मध्ये त्यांनी तन्वी या क्रिकेटपटूची भूमिका केली. तिने थोडे अधिक ‘मुलीसारखे’ वागावे, असे तिच्या मित्राला वाटत असते. ‘अग्नी’ (२०२४) मध्ये त्या अग्निशमन दलातील अधिकारी झाल्या, तर ‘जाट’ (२०२५) मध्ये पोलीस अधिकारी. या भूमिकांची यादी पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. ज्या खेळाला आता काही भवितव्य नाही असे एके काळी कोणालाही वाटले असते, त्या खेळानेच त्यांना इतर अभिनेत्रींपेक्षा वेगळी ओळख मिळवून दिली.

११३ किलोमीटर

चित्रपटाबाहेरही खेळ सुटला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सैयामी यांनी जर्मनीत बर्लिन येथील ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा पूर्ण केली. हे नाव मैलांतील एकूण अंतरावरून पडले आहे. स्पर्धकाने प्रथम १.९ किलोमीटर पोहावयाचे, लगेच ९० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि त्यानंतर २१.१ किलोमीटर, म्हणजे अर्धी मॅरेथॉन, धावावयाचे. एकूण अंतर ११३ किलोमीटर. साधारणतः साडेआठ तासांची मुदत असते. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये स्वीडनमधील यॉनशोपिंग येथे त्यांनी ही स्पर्धा दुसऱ्यांदा पूर्ण केली. चित्रीकरणाच्या वेळापत्रकात पहाटेचे पोहणे, सायकल व धावणे बसवून त्यांनी ही तयारी केली.

नाशिकच्या हवापाण्यात अशा चिकाटीची परंपरा आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या वैद्यक व्यवसायातील बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ सायकल शर्यत पूर्ण केली. आज गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने पहाटे निघणाऱ्या सायकलस्वारांच्या रांगांना या कामगिरीची पार्श्वभूमी आहे.

आपल्या घरांचा ताळेबंद

येथे एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. खेळाडूच्या कष्टांना पुष्कळदा तप म्हटले जाते. जैन शास्त्राच्या दृष्टीने हा शब्दप्रयोग सैल आहे. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत कायक्लेशाचा समावेश आहे हे खरे. परंतु तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे आणि खेळाचा हेतू यश हा आहे. दोहोंना एका मापाने मोजणे योग्य नाही. तथापि शरीराच्या मागणीला मनाने नकार देण्याची क्षमता दोन्ही ठिकाणी लागते आणि ती क्षमता सवयीने वाढते. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या मुलीला या सवयीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जी मुलगी आठ दिवस अन्नावाचून राहू शकते, तिला पहाटे पाच वाजता उठून सरावाला जाणे झेपणार नाही, असे आपण कोणत्या आधारे म्हणतो?

काही अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या नाकारून चालणार नाही. सायंकाळचा सराव आणि चौविहार यांचा मेळ बसत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवून लगेच मैदानावर जाणे प्रकृतीला मानवत नाही आणि सरावानंतर जेवावे तर नियम मोडतो. यावर सकाळचा वर्ग निवडणे हा सोपा उपाय आहे. बाहेरगावच्या स्पर्धांत कांदा-लसूणविरहित जेवणाची सोय नसते. तेथे चार घरांनी मिळून डबा व खाकऱ्याची व्यवस्था केली तर भार पडत नाही. दहावीच्या वर्षी सराव आठवड्यातून सहा दिवसांऐवजी तीन दिवस करता येतो. तो पूर्णपणे बंद करण्याची गरज बहुधा नसते. व्यापारात मंदी आली म्हणून कोणी पेढीला कायमचे कुलूप लावीत नाही. खर्च आवरता घेऊन पेढी चालू ठेवतो.

प्रत्येक खेळाडू मुलगी अभिनेत्री होणार नाही आणि व्हावी असेही नाही. कोणी सी.ए. होईल, कोणी पेढीचा हिशेब पाहील, कोणी सासरी नवा व्यवसाय उभा करील. सासरच्या नव्या घरात पहिल्या वर्षी येणारे ताण, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, दुकानात आलेली खोट, आई-वडिलांचे आजारपण या सर्व प्रसंगी लागणारे बळ पुस्तकातून मिळत नाही. हरून पुन्हा उभे राहण्याचा अनुभव ज्या मुलीने पंधराव्या वर्षापूर्वी दहा-वीस वेळा घेतला आहे, तिच्याकडे ते बळ शिल्लक असते. लग्नाच्या बायोडाटामध्ये शिक्षणाच्या खाली ‘राज्यस्तरीय बॅडमिंटन’ अशी एक ओळ अनेकदा शोभेसाठी छापली जाते. वास्तविक त्या ओळीत मुलीच्या स्वभावाविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती असते.

सैयामी खेर यांच्या वाटचालीचा ताळेबंद मांडला तर आजीचे नाव, मोठ्या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट या जमेच्या बाजू लवकर खर्च झाल्या. ‘मिर्झ्या’ पडल्यानंतर त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. टिकले ते नाशिकच्या मैदानावर मिळविलेले. त्याला घसारा लागला नाही. उलट वापरले तसे ते वाढत गेले.

यंदा ज्या घरात मुलगी नववीतून दहावीत जात आहे, त्या घरात तिच्या खेळाविषयीचा निर्णय येत्या काही आठवड्यांत होईल. तो आई-वडिलांनी करावयाचा आहेच. पण करण्यापूर्वी एकदा मुलीलाही विचारावे. सरावाची फी, बूट आणि पेट्रोल यांचा खर्च वहीत दिसतो. तिच्या अंगी जे साठले आहे, ते कोणत्याही वहीत दिसत नाही, आणि त्याची नोंद आपल्याला द्यावयास ती एकटीच समर्थ आहे.